सिलिंडर फुटलाच नाही, मग आकडा कुठला धरायचा?

प्रश्न : सर, सातपूरला आमचं छोटं प्रीकास्टचं युनिट आहे, चेंबरची झाकणं बनवतो. आता पातळ झाकणांसाठी २ टक्के स्टील फायबर टाकून हाय परफॉर्मन्स काँक्रीट केलंय. १५० बाय ३०० मिमीचा काँक्रीटचा सिलिंडर आडवा ठेवून वरून दाबत स्प्लिट टेस्ट (ताण किती सोसतो ते बघायची) घेतली तर ४८० किलोन्यूटनला बारीक क्रॅक गेला, पण दोन तुकडे काही झाले नाहीत, लोड चढतच राहिला आणि ९९० ला थांबला. लॅबवाल्यांनी रिपोर्टवर १४ एमपीए (मेगापास्कल, ताकदीचं एकक) लिहिलंय. गिऱ्हाइकाला हेच द्यायचं का?

उत्तर : अजिबात देऊ नका. आकडेमोड बरोबर आहे, पण स्प्लिटचं सूत्र काँक्रीट अखंड असेपर्यंतच खरं. साधा सिलिंडर क्रॅक गेला की फाटतोच, म्हणून तिथे पहिला लोड आणि शेवटचा लोड एकच असतो, आयएस ५८१६ या भारतीय मानकातली टेस्ट त्यासाठीच आहे. तुमच्यात क्रॅकनंतर फायबर दोन्ही बाजू धरून ठेवतात आणि मशीनचा दाब जिच्यावरून येतो त्या पट्टीखालचं काँक्रीट चेपायला लागतं, त्यामुळे पुढे चढलेल्या लोडमध्ये दाबाचाही वाटा आला. ४८० चे ६.८ एमपीए होतात, तेच लिहा, आणि ‘पहिल्या क्रॅकला’ असं स्पष्ट लिहा.

क्रॅकनंतरची ताकद, जिच्यासाठी तुम्ही एवढे महागाचे फायबर टाकताय, ती बघायला ईएन १४६५१ या युरोपियन मानकाची बीम टेस्ट करा. १५० मिमीचा चौकोनी बीम, ५०० मिमीचा स्पॅन (दोन टेकूंमधलं अंतर), मधोमध खालून २५ मिमीची खाच कापायची आणि खाचेचं तोंड किती उघडलं तेव्हा किती लोड होता हे नोंदवत जायचं. हा आकडाही वाकवण्याचा आहे बरं का, सरळ ओढून मिळणाऱ्यापेक्षा मोठाच दिसतो, म्हणून काँक्रीट डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय मॉडेल कोड २०१० मध्ये ०.५ मिमी उघडल्यावरच्या ताकदीला ०.४५ ने गुणून ताणाचा आकडा काढतात. थेट ओढायची टेस्ट सगळ्यात खरी, पण पकड जराशी तिरकी बसली तरी नमुना वाकतो आणि आकडा बिघडतो.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, काँक्रीट वाहील त्याच दिशेने फायबर झोपतात, पातळ झाकणात तर फारच, त्यामुळे जाड बीमचा आकडा झाकणाला जसाच्या तसा लागत नाही. तयार झाकणातूनच उभ्या आणि आडव्या पट्ट्या कापून वाकवून बघा, दोन्हींत फरक आला तर ओतायची पद्धत बदला. नीडल व्हायब्रेटर (काँक्रीटमध्ये खुपसायची थरथरती नळी) तर घालूच नका, नीडल जिथून बाहेर काढता तिथे फायबर कमी राहतात, साचा व्हायब्रेटिंग टेबलवर ठेवून हलवा.

नाशिकच्या दिंडोरी रोडला मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये चौकशी करताना मशीन खाचेच्या उघडण्यावर कंट्रोल होतं का एवढं आधी फोनवर विचारा, नुसतं सीटीएम (फक्त दाबून बघायचं मशीन) असेल तर बीम घेऊन जाऊ नका.