मस्तक, पुच्छ आणि कपाटावरची चिठ्ठी

मावशी, माझ्या मिस्टरांची नोकरी जाऊन 14 महिने झाले. माझ्या पगारावर घर चाललंय, ओढाताण होतेच. आमच्या फेलोशिपमधल्या, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनागटातल्या, एका ताईंनी मला बायबलातलं वचन क्लेम करायला, म्हणजे ते आपल्यासाठीच आहे असा हक्क सांगायला, शिकवलं. वचन शोधायचं, त्यात आपलं नाव घालून मोठ्याने म्हणायचं आणि त्याच्या उलट शब्द तोंडातून काढायचा नाही. मी बायबलातल्या अनुवाद या पुस्तकातलं 28:13 धरलंय, प्रभू आपल्याला मस्तक करील, पुच्छ नाही. शिवाय यिर्मया 29:11 आणि फिलिप्पै 4:13. सगळी कपाटाच्या दारावर चिकटवली आहेत. आता यांना एक काम मिळतंय. पण पूर्वी हे अख्खा विभाग सांभाळायचे आणि इथे त्यांच्यापेक्षा 12 वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली बसावं लागेल, पगारही कमी. मी म्हटलं, हे तर पुच्छ झालं, हे घेणं म्हणजे अविश्वास. ते म्हणाले, "मी दमलोय गं." मी म्हटलं, असली कबुली या घरात नको. महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे. ताई म्हणतात, फंडातली निम्मी रक्कम बी म्हणून पेरा, म्हणजे देवाच्या कामाला दान द्या, दार उघडेल. रात्री वाटतं, माझ्याच विश्वासात खोट आहे म्हणून सगळं अडलंय. परवा माझ्या चिठ्ठ्यांच्या खाली आमच्या 9 वर्षांच्या मुलीने लावलेली एक चिठ्ठी दिसली: "देवा, आईने बाबांना ओरडू नये." माझं काय चुकतंय?
– एक भगिनी

बाळ,

आधी पैशाचं बोलू, कारण ते दोन ओळींत संपतं. फंडाला हात लावू नकोस. दान आनंदाने द्यायचं, कुणी भाग पाडलं म्हणून नाही, हे प्रेषित पौलानेच करिंथकरांना लिहून ठेवलंय. आणि पैसे मोजून देवाचं दान घ्यायला आलेल्या शिमोनाला येशूचा शिष्य पेत्र याने काय सुनावलं, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 8व्या अध्यायात वाच. पेत्राच्या तोंडी इतकी कडक भाषा फार कमी वेळा सापडते.

आता तुझ्या कपाटाकडे येते.

आपल्या मराठीत एक गंमत आहे. बायबलमधल्या ओळीला आपण वचन म्हणतो आणि कुणी शब्द दिला तर त्यालाही वचनच म्हणतो. त्यामुळे बायबलातली कुठलीही ओळ डोळ्यांपुढे आली की देवाने आपल्याला शब्द दिल्यासारखं वाटतं. पण प्रत्येक ओळ म्हणजे काही दिलेला शब्द नव्हे. संकटात सापडलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी दिलेली लांबलचक भाषणंही बायबलातच आहेत, आणि ते मित्र चुकले असं देवानेच शेवटी सांगितलं. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या टोकावर उभं केलं, तेव्हा त्याच्याही तोंडात वचनच होतं, 91वं स्तोत्र. शब्द बायबलातलेच होते. प्रभूने ते क्लेम केलं नाही.

तुझं अनुवाद 28 घे. मोशे यार्देनेच्या अलीकडे उभा राहून इस्राएल या अख्ख्या राष्ट्राशी बोलतोय. मस्तक आणि पुच्छ हे तिथे राष्ट्राराष्ट्रांतल्या देण्याघेण्याविषयी आहे. आधीच्याच वचनात म्हटलंय की तू पुष्कळ राष्ट्रांना उसनं देशील, पण स्वतः घेणार नाहीस. त्याला "तू आज्ञा पाळशील तर" अशी अटही आहे. त्या अध्यायात पहिली 14 वचनं आशीर्वादांची आणि पुढची 50हून जास्त शापांची. ती कपाटावर लावलेली मी तरी कुणाच्या घरी पाहिलेली नाहीत. ऑफिसात कुणाच्या हाताखाली बसायचं हा त्या अध्यायाचा विषयच नाही, बाळ. आणि हाताखाली बसण्याचंच म्हणशील, तर आपण ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्याने शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. तुझ्या मापाने ते काय म्हणायचं, मस्तक की पुच्छ?

यिर्मया 29:11 तर हल्ली कपांवर, कॅलेंडरांवर, सगळीकडे असतं. पण ते आहे एका पत्रातलं. यरुशलेमेहून यिर्मयाने ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना पाठवलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना काय ऐकायचं होतं हे सांगायला नकोच. यिर्मयाच्या पत्रात 11व्या वचनाच्या आधी 10वं आहे, आणि त्यात आकडा आहे 70 वर्षं. म्हणजे ते पत्र ज्यांनी हातात धरून वाचलं, त्यांतले बहुतेक जण परत जाणारच नव्हते. मग त्यांनी करायचं काय? तेही लिहिलंय. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. आशा देणारं ते वचन असल्या रोजच्या कामांच्या यादीनंतर येतं. मला विचारशील तर तुझ्या नवऱ्याला आलेलं हे कमी पगाराचं काम त्या यादीत सहज बसतं. तू मात्र यिर्मयाचं वचन लावून हनन्याची वाट बघतेयस.

फिलिप्पै 4:13 मी सोडूनच देते. त्याच्या आधीची दोन वचनं वाच, पौल कशाकशाला शक्तिमान आहे ते कळेल. भुकेला राहायलाही, असं आहे तिथे.

मग वचन धरायचंच नाही का? धरायचं. घट्ट धरायचं. वचन धरून प्रार्थना करणारा माणूस मला बायबलात सगळ्यांत आधी दिसतो तो याकोब, उत्पत्ती 32 मध्ये. वीस वर्षांनी तो घरी परततोय आणि निरोप येतो की एसाव 400 माणसं घेऊन समोरून येतोय. हाच तो भाऊ, ज्याला याकोबाने फसवलं होतं. याकोब घाबरतो. माणसांच्या आणि जनावरांच्या दोन टोळ्या करतो, म्हणजे एकीवर हल्ला झाला तर दुसरी तरी निसटेल. मग प्रार्थना करतो. ती प्रार्थना तू आज रात्री मोठ्याने वाच. तो म्हणतो, देवा, परत जा असं तूच मला म्हणालास. मग म्हणतो, तू केलेल्या एवढ्या दयेला मी लायक नाही. मग म्हणतो, मला त्याची भीती वाटते, तो येऊन मला आणि मुलांसकट आयांना मारील. आणि शेवटी पुन्हा म्हणतो, पण तूच म्हणालास ना, मी तुझं कल्याण करीन.

भीती आणि वचन एकाच श्वासात. उलट शब्द तोंडातून काढायचा नाही हा तुमच्या ताईंचा नियम त्याला लावला, तर त्याची प्रार्थना तिसऱ्याच वाक्याला बाद होईल. आणि ती संपवून तो स्वस्थ बसत नाही. 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, उंट, गाई, गाढवं, अशी भेट कळपाकळपाने वेगळी काढतो आणि भावाच्या पुढे धाडतो. हिशेबी माणूस! यात अविश्वास आहे असं देव त्याला कुठेही म्हणत नाही. त्याच रात्री तो देवाशी झगडतो, आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडत नाही आणि सकाळी लंगडत निघतो.

याकोब वचन कुणापुढे धरतो ते बघ. देवापुढे. "तूच म्हणालास" हे तो वर तोंड करून म्हणतो. त्याची बायको लेआ रडत असेल, दुसरी बायको राहेल घाबरली असेल, तर त्यांच्या तोंडावर वचन ठेवून त्यांना गप्प करत नाही. तुझ्या घरात नेमकं उलटं झालंय, बाळ. वचन देवापुढे धरायचं ते तू नवऱ्यापुढे धरलंस.

हे मी वरच्या पायरीवर बसून सांगत नाहीये. आमच्या घरी वचनांची डबी होती, छोट्या गुंडाळ्या करून उभ्या रचलेल्या आणि चिमट्याने एकेक ओढायच्या. आई आजारी पडली तेव्हा मी एक गुंडाळी ओढली. 91व्या स्तोत्राचा शेवट निघाला, दीर्घायुष्य देऊन मी त्याला तृप्त करीन. मी ती आईच्या उशीखाली ठेवली. पुढचे सात आठवडे आई कधी म्हणाली की "मला तुझ्याशी थोडं बोलायचंय, मी नसले तर", की मी लगेच म्हणायची, "आई, असं बोलायचं नाही, आपण वचन धरलंय." दोनदा तिने सुरुवात केली. तिसऱ्यांदा केली नाही. तिला काय सांगायचं होतं ते मला आजही माहीत नाही. नंतर एकदा मी ती डबी टेबलावर रिकामी केली आणि सगळ्या गुंडाळ्या उलगडून वाचल्या. "जगात तुम्हाला क्लेश होणार आहेत" ही योहान 16:33 मधली ओळ त्यांत नव्हती. तिच्या पुढचं "धीर धरा, मी जगाला जिंकलं आहे" तेवढं होतं. पहिलं वाक्यही प्रभूनेच दिलेला शब्द आहे, पण त्याची गुंडाळी कोण करणार?

तुझ्या विश्वासातल्या खोटीविषयी. मुलाला घेऊन आलेला तो बाप आठव, मार्क 9. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं तो रडत म्हणाला. त्याचा मुलगा बरा झाला. पौलाने तीनदा विनंती केली आणि त्याच्या शरीराला सलणारा काटा तसाच राहिला. पौलाचा सहकारी त्रफिम आजारी होता, त्याला पौल मिलेतात तसाच सोडून पुढे गेला, हे त्याने तीमथ्याला अगदी साधेपणाने कळवलंय. कुणाच्याही विश्वासाचं माप काढलं नाही. इब्रीकरांचा 11वा अध्याय विश्वासाच्या मोठमोठ्या माणसांची नावं सांगतो आणि मध्येच म्हणतो की हे सगळे वचनांची फळं मिळण्याआधीच मेले, लांबूनच त्यांना नमस्कार करून. तुझी 14 महिन्यांची वाट बघणं म्हणजे तुला मिळालेली शिक्षा नाही. नोकऱ्या जातात, वय पन्नाशीकडे झुकलं की दुसरी मिळायला वेळ लागतो. यात तुझ्या तोंडच्या शब्दांचा काहीएक हात नाही.

तुला धरायलाच हवं असेल, तर याकोबाच्या पत्रातलं 1:5 धर (हा याकोब वेगळा, नव्या करारातला). ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने मागावं, देव बोल न लावता देतो. महिनाअखेरीच्या निर्णयाला हे पुरेसं आहे, आणि "बोल न लावता" हे शब्द तुला मुद्दाम दाखवतेय. दुसरं इब्री 13:5. "मी तुला सोडून जाणार नाही" हे आपण सगळे म्हणतो, पण त्याच वचनाची सुरुवात पैशाच्या लोभापासून दूर राहा, आहे त्यात समाधान माना, अशी आहे. कमी पगाराच्या घरासाठी लिहिल्यासारखंच आहे ते.

कामाचं माझं मत विचारलंस तर घ्यावं. बसून राहिलेल्या माणसाला सकाळी उठून कुठेतरी जायला मिळणं हीसुद्धा कृपाच. तिथे राहून पुढचं शोधता येतं. पण मत माझं, निर्णय त्याचा, कारण रोज त्या लहान साहेबापुढे त्यालाच बसायचंय. "मी दमलोय गं" असं म्हणालेल्या माणसाला नवं काम झेपेल का, हेही त्यालाच विचार. आधी माफी माग. लांबण लावू नकोस, "त्या दिवशी तुम्हाला बोलू दिलं नाही, चुकलं माझं" एवढं बास. मग गप्प बस. खरंच गप्प बस, मध्ये एकही वचन नको. तो बराच वेळ काही बोलला नाही तरी उठू नकोस. आणि त्याचं दमणं नुसत्या दमण्याच्या पलीकडचं वाटलं, झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, तर डॉक्टरांकडे घेऊन जा. लूक वैद्यच होता, आणि पौलाने त्याला प्रिय म्हटलंय.

ताईंशी भांडू नकोस. त्यांनी प्रेमापोटीच सांगितलं असेल. फक्त पुढच्या सभेत तुझी साक्ष मागितली तर 13वं स्तोत्र वाचून खाली बस. "हे परमेश्वरा, किती वेळ?" अशी त्याची सुरुवात आहे.

कपाटावरच्या चिठ्ठ्या काढून बायबलात ठेव, ज्या त्या अध्यायात, म्हणजे वाचताना आजूबाजूचंही डोळ्यांखालून जाईल. मुलीची तेवढी राहू दे. ती कुणी क्लेम करायला शिकवलेली नाही, आणि ती वर तोंड करून लिहिलेली आहे.

महिनाअखेरीला काय ठरलं ते कळव. आणि या वेळी त्याचं म्हणणं जरा सविस्तर लिही, आलेल्या पत्रात त्याचं एकच वाक्य आहे.

– मावशी