पहिला बीआरएसआर भरताय? आधी वीजबिलं गोळा करा

घाबरू नका. बीआरएसआर म्हणजे कंपनीने पर्यावरण, कामगार, समाज आणि कारभार यांबद्दल दरवर्षी द्यायचा अहवाल. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने तो बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा केलाय. त्यातली जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं पाठ करत बसू नका. जीआरआय (अशा अहवालांची आंतरराष्ट्रीय मानकं) वगैरे पुढच्या वर्षी बघू.

आधी चाकणच्या प्लँटवर जा. महावितरणची बारा बिलं, जनरेटरच्या डिझेलची वही आणि टँकरच्या पावत्या ताब्यात घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बिलातले युनिट तसेच उतरवतात. ऊर्जा जूलमध्ये मागितलीय. १ युनिट म्हणजे ३६ लाख जूल.
- कंत्राटी कामगार गाळतात. त्यांचा रकाना वेगळा आहे.
- टँकरचं पाणी विसरतात. (मीही विसरलो होतो. तपासनीसाने गेटवरचं रजिस्टरच समोर ठेवलं!)

आकडा नसेल तर नाही म्हणून लिहा, अंदाज ठोकू नका.