वाचकांचे प्रश्न : लहान रिव्हॉल्व्हर, मोठे काडतूस

प्रश्न : ह्यूस्टनच्या उपनगरात माझे गॅस स्टेशन आणि त्याला लागून किराणा मालाचे दुकान आहे. मी अमेरिकेचा नागरिक असून वय ५८ आहे. रात्री उशिरा दुकान बंद करून रोकड घेऊन एकट्याने निघावे लागते, म्हणून कपड्यांखाली बाळगता येईल असे लहान पण मोठ्या कॅलिबरचे (म्हणजे मोठ्या व्यासाची गोळी घेणारे) रिव्हॉल्व्हर घ्यावे असे मनात आहे. एक मित्र .४४ स्पेशल घे म्हणतो, दुकानदार .३५७ मॅग्नमचा आग्रह धरतो. माझा नेमबाजीचा सराव बेताचा आहे आणि उजवे मनगट अधूनमधून दुखते. काय घ्यावे?

उत्तर : या दोघांपैकी आपल्या मित्राचे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे, परंतु आपले वय, सराव आणि मनगट लक्षात घेता मी आपणांस या दोन्हींच्या आधी .३८ स्पेशलचा विचार करण्यास सांगेन.

.३५७ मॅग्नम हे १९३५ साली आलेले काडतूस लांब नळीसाठी उत्तम आहे. त्याचा सगळा जोर वेगावर आहे आणि वेग मिळण्यास नळीची लांबी लागते. दोन-सव्वादोन इंची नळीतून ते उडवले की दारूचा बराच भाग नळीबाहेर जळतो. परिणामी अंधारात डोळे दिपवणारा लोळ, भिंतींमध्ये कान बधिर करणारा आवाज आणि हाताला बसणारा जबर धक्का हे सगळे पदरी पडते, आणि ज्या वेगासाठी हे सोसायचे तो मात्र पुरता हाती लागत नाही. याउलट .४४ स्पेशल हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले, कमी दाबाचे काडतूस आहे. त्याची जुनी प्रमाणित गोळी २४६ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम वजनाची, आणि तिचा वेग सेकंदाला साधारण साडेसातशे फूट. ती आपल्या आकारावर आणि वजनावर काम करते, वेगावर फारशी अवलंबून नसते. त्यामुळे आखूड नळीत तिचे नुकसान तुलनेने कमी होते. या काडतुसाचे सर्वपरिचित लहान रिव्हॉल्व्हर म्हणजे चार्टर आर्म्स कंपनीचे बुलडॉग. १९७३ पासून बाजारात आलेले हे शस्त्र पाच गोळ्यांचे असून त्याचे वजन वीस औंसांच्या, म्हणजे पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास असते.

अडचण नेमकी या वजनातच आहे. सोळा ग्रॅमची गोळी पुढे ढकलताना जो धक्का मागे येतो तो शस्त्राच्या वजनाने शोषायचा असतो, आणि शस्त्र जितके हलके तितका तो मनगटाच्या वाट्याला येतो. रुगर कंपनीने २०१७ साली जीपी-१०० हे रिव्हॉल्व्हर .४४ स्पेशलमध्ये, तीन इंची नळीसह काढले. ते चालवण्यास कितीतरी सुखद आहे, पण वजन ३६ औंस, म्हणजे एक किलोच्या घरात. टेक्ससच्या उन्हाळ्यात पातळ सदऱ्याखाली ते दिवसभर वागवणे कठीणच. दुसऱ्या टोकाला स्मिथ अँड वेसनचे ३२९ पीडी आहे, अवघ्या पंचवीस औंसांत .४४ मॅग्नम. ते अस्वलांच्या रानात हिंडणाऱ्यांसाठी असेल. दुकानदाराने त्या वाटेला जाऊ नये. अतिहलक्या शस्त्रांत आणखी एक दोष उद्भवू शकतो: पहिल्या बारांच्या धक्क्याने सिलिंडरमधील (काडतुसे धरणाऱ्या फिरत्या नळकांड्यातील) उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या आपल्या कवचातून पुढे सरकतात आणि सिलिंडर अडकून बसते. म्हणून कोणतेही काडतूस निवडताना पाच भरावीत, चार उडवावीत आणि पाचवे काढून त्याची लांबी मोजावी. ती वाढली असेल तर ते काडतूस त्या शस्त्रासाठी बाद समजावे.

मोठ्या व्यासाने नेमाची उणीव भरून निघते, हा समज या व्यवहारात फार पसरलेला आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मियामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेने काडतुसांची जी कसोटी ठरवली तिचा मुख्य निकष व्यास हा नाही. गोळी शरीराच्या मांसाऐवजी चाचणीत वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनमध्ये किमान १२ इंच आणि शक्यतो १८ इंचांपेक्षा अधिक नाही इतकी खोल जावी, हा आहे. .३८ स्पेशलची चांगली काडतुसे ही कसोटी आखूड नळीतूनही उतरतात. शिवाय .४४ची काडतुसे महाग असतात आणि प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, म्हणजे सराव आपोआप कमी होतो. आणि हॅमर (काडतुसावर आघात करणारा मागचा घोडा) आधी न ओढता चालवायच्या रिव्हॉल्व्हरचा चाप दहा-बारा पौंडांचा असल्यामुळे सरावावाचून तो सरळ ओढलाच जात नाही.

माझी शिफारस अशी की रुगर एसपी-१०१ सारखे, सव्वीस औंसांच्या आसपासचे, पाच गोळ्यांचे पोलादी रिव्हॉल्व्हर .३५७मध्ये घ्यावे आणि त्यात .३८ स्पेशलच वापरावे. आकडे वेगळे असले तरी दोन्हींच्या गोळीची जाडी एकच असल्याने .३८चे काडतूस .३५७च्या घरात सुखाने बसते. उलट करू नये. हाच नियम .४४ला लागू आहे: बुलडॉगमध्ये .४४ मॅग्नम कदापि घालू नये. कपड्यात अडकणारा टोकदार हॅमर नसलेला प्रकार निवडावा, आणि मूठ रबराची व करंगळी टेकेल इतकी लांब असावी. एवढे ऐकूनही .४४च हवे असेल, तर विकत घेण्यापूर्वी एखाद्या रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) बुलडॉग भाड्याने घेऊन पन्नास गोळ्या चालवून पाहाव्यात. आपले मनगट उत्तर देईल.

लपवण्याच्या बाबतीत नळीपेक्षा सिलिंडरची जाडी आणि मुठीची लांबी अधिक नडते. होल्स्टर, म्हणजे शस्त्राचे म्यान, चाप पूर्ण झाकणारे हवे, आणि खिशात ठेवायचे झाल्यास त्या खिशात किल्ल्या, नाणी असे दुसरे काहीही नसावे. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येते, तरी परवाना काढावा, कारण अनेक इतर राज्ये तोच मान्य करतात आणि त्यानिमित्ताने कायद्याचे शिक्षणही होते. ज्या मद्यगृहांवर ५१ टक्क्यांची (म्हणजे निम्म्याहून अधिक उत्पन्न मद्यविक्रीचे असल्याची) लाल पाटी असते तेथे शस्त्र नेणे गुन्हा आहे. घरी नातवंडे येत असतील तर तिजोरी हवीच: सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल असे ठेवणे हा त्या राज्यात मालकाचा अपराध ठरतो.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर अटलांटात आहे. रेंजवर मित्राचे रिव्हॉल्व्हर चालवून पाहिले तर चालेल का?

उत्तर : नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला शस्त्र किंवा काडतूस ताब्यात ठेवण्यास मनाई आहे, आणि थोडा वेळ हातात घेणे हाही ताबाच मानला जाऊ शकतो. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना असल्यास त्यात अपवाद आहे, मात्र त्यावर विसंबण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही आडकाठी राहत नाही.

प्रश्न : माझ्याकडे सांगली जिल्ह्याचा शस्त्र परवाना असून त्यावर .३२ रिव्हॉल्व्हर आहे. मुलगा अमेरिकेतून येताना मोठ्या कॅलिबरचे लहान रिव्हॉल्व्हर आणीन म्हणतो. आणू द्यावे का?

उत्तर : आणू देऊ नये. आयातीच्या पूर्वपरवानगीशिवाय सामानातून आणलेले शस्त्र विमानतळावरच जप्त होईल आणि मुलावर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा दाखल होईल. .४५ रिमलेस, ९ मिमी, .३८० आणि .४५५ ही सैनिकी काडतुसे ज्यांत बसतात ती पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे तर आपल्याकडे प्रतिबंधित वर्गातच मोडतात. इतर मोठी कॅलिबरे कागदोपत्री बसली तरी त्यांची काडतुसे येथे मिळवताना नाकी नऊ येतील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही ध्यानात असावे. लहान आकार हवा असल्यास कानपूरच्या सरकारी कारखान्यातून २०२३ साली आलेले ‘प्रबल’ पाहावे, ते .३२चेच आहे, नळी ७६ मिलिमीटरची आहे आणि सिलिंडर बाजूला उघडते, त्यामुळे मध्ये दुमडून उघडणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरपेक्षा भरणे सोपे जाते.

मुलगा तेथे रेंजवर जात असेल तर तेथे नेत असलेली पिशवी प्रवासात आणू नये असे त्याला आवर्जून कळवावे. कप्प्यात विसरलेले एकच काडतूस भारतीय विमानतळावर सापडले तरी गुन्हा नोंदवला जातो. ते जाणीवपूर्वक बाळगलेले नव्हते म्हणून उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत, परंतु तोपर्यंत परतीचे विमान आणि पुष्कळदा नोकरीवर हजर होण्याची तारीखही निघून गेलेली असते.