जपानी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर इंग्रजी का असते? तिथले वाचक ते वाचतात का?

बहुतेक वेळा ते वाचण्यासाठी नसतेच, नजरेसाठी असते. इंग्रजी तिथे शाळेत सगळेच शिकतात, पण विरंगुळ्याला वाचणारे थोडे. त्यामुळे रोमन अक्षरे मजकुरापेक्षा नक्षीचे काम जास्त करतात. जपानी नाव उभे, ठसठशीत; शेजारी आडव्या बारीक ओळीत इंग्रजी नाव किंवा लेखकाचे नाव. या उभ्या-आडव्या मांडणीने मुखपृष्ठाला तोल येतो, आणि मांडणीकाराला खरे तर तेवढेच हवे असते.

माङ्गामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये, मात्र प्रकरण पुढे गेलेय. ‘डेथ नोट’ किंवा ‘ब्लीच’ बघा: मोठ्या अक्षरांत रोमन नाव, आणि उच्चार कळावा म्हणून काताकाना लिपीत तेच बारीक. ‘पोपाय’, ‘ब्रूटस’ ही मासिके तर नावच रोमनमध्ये मिरवतात.

विक्रीचा खरा भार उचलते ती ‘ओबी’, म्हणजे मुखपृष्ठाच्या खालच्या भागावर गुंडाळलेली कागदी पट्टी. पुरस्कार, शिफारस, ‘चित्रपट येतोय’ वगैरे सगळी जाहिरात तिच्यावर, तीही प्रामुख्याने जपानीत. गिऱ्हाईक ती वाचते. म्हणून वरच्या इंग्रजीत एखादी चूक राहिली तरी फारसे कुणाचे अडत नाही. हसतो तो आपल्यासारखा परका!