फॉरमॅट करण्याआधी वीज आणि उष्णता तपासावी

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

प्रश्न : आमच्या घरी पाच वर्षांपूर्वी जोडून घेतलेला डेस्कटॉप संगणक आहे. मुलीचा अभ्यास आणि बचतगटाचे हिशेब त्यावरच चालतात. दिवाळीनंतर तो मध्येच अचानक बंद पडू लागला आहे. कधी वीस मिनिटांत, तर कधी दोन-तीन तासांनी. पडद्यावर कोणताही संदेश येत नाही, थेट अंधार होतो. यूपीएस जोडलेला आहे आणि त्या वेळी घरची लाइन गेलेली नसते. तालुक्याच्या ठिकाणी मोटारसायकलवरून दोनदा नेऊन फॉरमॅट करून आणला, परंतु फरक पडला नाही. आता मदरबोर्ड बदलावा लागेल, असे सांगण्यात आले आहे. संगणकाच्या खोलीवर टिनाचे छप्पर असून सध्या तिथेच कापूस भरून ठेवला आहे. मदरबोर्डवर खर्च करावा, की नवा संगणक घ्यावा?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सर्व भाग जोडणारा मुख्य बोर्ड, बदलण्याचा निर्णय आपण तूर्त थांबवावा आणि संगणक पुन्हा फॉरमॅटही करू नये. विंडोजचा बिघाड सांगणारा निळा पडदा न येता, बंद होत असल्याची कोणतीही सूचना न दिसता, पंख्यांसकट सगळे एका क्षणात थांबत असेल, तर बहुतेक वेळा संगणकाला वीज मिळणे तरी थांबलेले असते किंवा स्वतःला वाचवण्यासाठी त्याने ती तोडलेली तरी असते. विंडोज बिघडली की संगणक अडकतो, निळा पडदा दाखवतो किंवा पुन्हा सुरू होतो; अशा रीतीने एकदम विझत नाही. म्हणूनच दोन वेळा फॉरमॅट करून उपयोग झालेला नाही.

याची पडताळणी घरीच करता येते. संगणक सुरू करताच ‘डिलीट’ किंवा ‘एफ२’ ही कळ वारंवार दाबल्यास बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ व्यवस्थेचा, पडदा उघडतो. कोणती कळ दाबायची ते बहुधा पहिल्याच पडद्यावर लिहिलेले असते. या पडद्यावर असताना विंडोज सुरूच झालेली नसते. संगणक तसाच तासभर राहू द्यावा. तिथेही तो बंद पडला, तर दोष यंत्रात किंवा विजेत आहे याबद्दल शंका उरत नाही. तिथे बंद पडला नाही, तर मात्र यंत्र निर्दोष आहे असे लगेच समजू नये, कारण या पडद्यावर त्याच्यावर फारसा भार नसतो.

आपल्या पत्रातील ‘दिवाळीनंतर’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या भागात त्या सुमारास दोन गोष्टी एकदम सुरू होतात. वेचणीचा कापूस घरात येऊन पडतो आणि गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी शिवारातले मोटारपंप चालू होतात. कापसाचा संबंध उष्णतेशी आहे आणि पंपांचा व्होल्टेजशी, त्यामुळे दोन्ही शक्यता वेगवेगळ्या तपासाव्या लागतील. त्यासाठी संगणकाजवळ एक वही ठेवावी आणि तो बंद पडला की वेळ, तेव्हा चालू असलेले काम आणि खोलीतला दिवा मंद झाला होता की नाही, एवढे लिहून ठेवावे. व्हिडिओ पाहताना किंवा जड काम चालू असताना तो बंद पडत असेल, लगेच सुरू केल्यावर आणखी लवकर बंद होत असेल आणि अर्धा तास विसावा दिल्यावर जास्त वेळ टिकत असेल, तर उष्णतेचा संशय धरावा. कामाशी संबंध न दिसता ठरावीक वेळीच, किंवा घरातील फ्रीज व पंप सुरू होताना तो बंद पडत असेल, तर विजेचा.

आता उष्णतेविषयी. प्रोसेसरवर, म्हणजे संगणकाचे सगळे काम करणाऱ्या मुख्य चिपवर, धातूच्या पातळ पात्यांचा उष्णताशोषक आणि त्यावर पंखा असतो. हवेत तरंगणारे कापसाचे तंतू हा पंखा आत ओढतो आणि ते पंखा व पाती यांच्यामध्ये जाऊन बसतात. त्यात सोयाबीनच्या मळणीची धूळ आणि कुटाराचा भुसा मिसळला की पात्यांवर गोधडी पांघरल्यासारखा घट्ट थर तयार होतो. वरून पाहिले तर पंखा व्यवस्थित फिरताना दिसतो, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याच्याही हे लक्षात येत नाही. पंखा उचलल्याशिवाय तो थर दिसतच नाही. अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिच्या जवळ पोहोचताच प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान वाढत राहिले, तर संगणक बंद होतो. बायोसमध्ये ‘हार्डवेअर मॉनिटर’ या पानावर प्रोसेसरचे तापमान दिसते. तिथे काहीही काम नसताना ते ४० ते ६० अंशांच्या दरम्यान राहायला हवे. दहा मिनिटांत ते ८५-९० कडे सरकत असेल, तर कारण सापडले असे समजावे.

मोटारसायकलवरून झालेल्या प्रवासाचाही विचार करावा. पुष्कळ संगणकांत हा उष्णताशोषक प्लास्टिकच्या चार खुंट्यांनी बसवलेला असतो आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी त्यातली एखादी सुटते. तेवढ्यानेही तो प्रोसेसरला नीट टेकत नाही आणि तापमान झपाट्याने चढते.

सफाईसाठी संगणकाची वायर भिंतीतून काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटची बाजू उघडावी. मऊ कोरड्या ब्रशने व ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण हवेच्या झोताने तो बेफाम फिरल्यास खराब होतो. उष्णताशोषक काढावा लागलाच, तर त्याखालील जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता शोषकाकडे नेणारा लेप) पुसून नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच लावावी. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते. त्याची धूळ बाहेरूनच, जाळीतून उडवावी.

कापूस आणि संगणक एकाच खोलीत ठेवणे हे संगणकाच्या आयुष्यापेक्षाही घराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने मला चिंताजनक वाटते. यूपीएस किंवा एसएमपीएसमध्ये एखादी ठिणगी पडली आणि शेजारी वर्षभराच्या कष्टाचा कापूस असला, तर काय होऊ शकते हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. कापूस विकेपर्यंत संगणक दुसऱ्या खोलीत हलवावा. बाकीच्या तपासण्यांआधी एवढे आजच करावे.

विजेच्या बाबतीत माझा पहिला संशय यूपीएसवर आहे. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि त्यात ६ टक्क्यांपर्यंतचा चढ-उतार नियमात धरलेला आहे. शिवारातले पंप सुरू झाल्यावर गावातील डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असलेल्या घरांत व्होल्टेज याहून पुष्कळ खाली जाऊ शकते. ते एका मर्यादेखाली गेले की यूपीएस बॅटरीवर जातो. दिवा विझत नाही, केवळ मंद होतो, म्हणून लाइन गेली नाही असे आपल्याला वाटते. पण त्या क्षणी बॅटरीत दम नसेल, तर संगणक बंद होणारच. या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते आणि ती सुमारे दोन-तीन वर्षे टिकते. हे आयुष्यही २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते. त्यावर दर १० अंशांच्या वाढीमागे ते साधारण निम्मे होते. टिनाखालच्या खोलीत विदर्भाचा ४५ अंशांचा उन्हाळा काढलेली पाच वर्षांची बॅटरी निकामी झाली नसेल, तरच नवल. तपासण्यासाठी संगणक काढून यूपीएसवर ६० वॅटचा साधा, तारेचा बल्ब लावावा आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढावी. बल्ब लगेच विझला, किंवा एक-दोन मिनिटांतच विझला, तर बॅटरी बदलावी. सबंध यूपीएस बदलण्याची गरज बहुधा पडत नाही.

बॅटरी ठीक असेल, सफाईही झाली असेल आणि तरीही त्रास चालूच असेल, तर एसएमपीएसकडे वळावे. स्वस्त कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या एसएमपीएसवर मोठा आकडा छापलेला असतो, पण तेवढी शक्ती तो पेलतोच असे नाही. ओळखीच्या कोणाकडून चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी मागून लावून पाहणे, ही सर्वांत खात्रीची परीक्षा. हे सारे पार पडल्यानंतरच मदरबोर्डचा विषय काढावा. त्यावेळीही त्याच्यावरील कपॅसिटरांची डोकी फुगलेली आहेत का, हे दुरुस्ती करणाऱ्याला दाखवायला सांगावे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे संगणकातील घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद आपल्याला दिसेल. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. ती कारण सांगत नाही, त्यामुळे तिच्या आधारे कोणी सुटा भाग बदलायला सांगितले तर मानू नये.

प्रश्न : उन्हाळ्यात संगणक तापू नये म्हणून आम्ही तो कुलरच्या अगदी समोर ठेवला. आता कुलर सुरू करताना संगणक कधीकधी बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि कॅबिनेटला हात लावल्यास झिणझिण्या येतात. काय करावे?
— एक वाचक, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : कुलर आणि संगणक एकाच बोर्डवर असतील, तर कुलरची मोटर सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढते, व्होल्टेज खचते आणि संगणक पुन्हा सुरू होतो. दोघांना वेगळ्या लाइनवर घ्यावे. कुलरमुळे खोली थंड राहणे संगणकाला मानवते, परंतु थेट झोतातून पाण्याचे बारीक तुषार आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षारही आत जातात, म्हणून संगणक झोताच्या बाजूला ठेवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी.

झिणझिण्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. अर्थिंग नसल्याची किंवा ते तुटल्याची ती खूण असते. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुकून सुटते आणि वीज जमिनीत नीट उतरत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर नियमित पाणी टाकावे आणि जाणकार वायरमनकडून अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत सलग आहे का, हे पाहून घ्यावे. पाण्याने भरलेल्या कुलरच्या बाबतीत हाच दोष जिवावर बेतू शकतो, त्यामुळे वायरमन येईपर्यंत कुलर आणि संगणक दोन्ही बंद ठेवून त्यांच्या पिना भिंतीतून काढून ठेवाव्यात.