गुत्ती की पुणे?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत गणित शिकवते. ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ ही संस्था पुण्यात स्थापन झाली, असे आम्हाला कॉलेजात सांगितले होते. बेळगावचे माझे एक कन्नड सहकारी मात्र तिचा जन्म गुत्तीला झाला असे म्हणतात. खरे काय, आणि रामानुजन यांचा तिच्याशी संबंध कसा आला?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण पुण्याचे नावही उगाच आलेले नाही. मुरारराव घोरपड्यांमुळे मराठी वाचकांना माहीत असलेली गुत्ती त्या काळी मद्रास इलाख्याच्या अनंतपूर जिल्ह्यात होती. तेथे व्ही. रामस्वामी अय्यर हे डेप्युटी कलेक्टर होते, आणि महसुलाच्या कामातून उरणारा वेळ ते भूमितीला देत. त्यांच्या पुढाकाराने ४ एप्रिल १९०७ रोजी ‘अ‍ॅनॅलिटिक क्लब’ सुरू झाला. लवकरच त्याचे नाव ‘इंडियन मॅथेमॅटिकल क्लब’ आणि १९१० मध्ये ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ असे झाले.

या संस्थेचा इतिहास रामानुजन यांच्यापासून सांगण्याची प्रथा पडली आहे; मला मात्र तिची आरंभीची टपालाची व्यवस्था अधिक मोलाची वाटते. परदेशी नियतकालिके व ग्रंथ एकट्या अध्यापकाला परवडणारे नव्हते. म्हणून सर्वांनी वर्गणी काढून ते मागवायचे आणि एका सभासदाने वाचून झाल्यावर टपालाने दुसऱ्याकडे धाडायचे, असे ठरले. आपल्याकडे चार घरांत मिळून घेतलेले दिवाळी अंक फिरतात, तसाच हा प्रकार होता, फक्त त्याची घरे शेकडो मैलांवर विखुरलेली होती. हा संग्रह पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ठेवण्यात आला. रँग्लर परांजपे तेव्हा तेथे प्राचार्य होते. संस्थेचे मुख्य ठिकाणही पुणेच ठरले, आणि आपल्या प्राध्यापकांच्या सांगण्याचे मूळ बहुधा यात असावे. पुढे ग्रंथालय मद्रासला गेले.

आपल्या आजच्या राज्याचाही, म्हणजे कर्नाटकाचाही, यात वाटा आहे. १९०९ मध्ये संस्थेचे नियतकालिक निघाले आणि त्याचे संपादन बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील एम. टी. नारायण अय्यंगार यांच्याकडे आले. १९१० मध्ये रामानुजन कारकुनीची नोकरी मागण्यासाठी वह्या घेऊन रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. वह्या पाहून अय्यर यांनी त्यांना कचेरीत अडकवण्याऐवजी परिचयपत्रे देऊन मद्रासला पाठवले. बर्नूली संख्यांवरचा (ही गणितातील एक प्रसिद्ध संख्यामालिका) रामानुजन यांचा पहिला निबंध १९११ मध्ये याच नियतकालिकात छापला गेला. त्यांची मांडणी इतकी त्रोटक असे, की संपादकांना ती वाचकांसाठी सुबोध करून घ्यावी लागे.

त्याच वर्षी रामानुजन यांनी वाचकांना एक कोडे घातले: १ अधिक २ गुणिले, १ अधिक ३ गुणिले, १ अधिक ४ गुणिले, अशी एकात एक वर्गमुळे अखंड घातली तर किंमत किती? काही महिने कोणाचेच उत्तर आले नाही, तेव्हा ते त्यांनी स्वतःच दिले: ३. दहावीच्या वर्गात हे फळ्यावर जरूर मांडावे. ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ, आणि ९ म्हणजे १ अधिक २ गुणिले ४. ते ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ अधिक ३ गुणिले ५. पुढचे ५ मुलांना उलगडू द्यावे.