नोटीस आली म्हणून कुलूप लावून निघू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, भाडं महिना 240 रुपये, पावती अजून वडिलांच्याच नावावर. ते दोन वर्षांपूर्वी गेले. मालक अकरा महिने भाडं घेईना, आणि आता त्यांच्याच वकिलाची नोटीस: भाडं थकलंय, शिवाय मुलासाठी जागा हवी, 30 दिवसांत खाली करा.

आधी हे घ्या, की नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. लघुवाद न्यायालयाच्या (जिथे भाड्याचे वाद चालतात) हुकुमाशिवाय तुम्हाला कोणी बाहेर काढू शकत नाही. नळ किंवा वीज तोडली, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999च्या कलम 29खाली अर्ज करता येतो. वडिलांसोबत तुम्ही त्याच घरात राहत होता, त्यामुळे भाडेकरूपण तुमच्याकडे येतं. पावतीवर नाव नाही म्हणून घाबरू नका, रेशनकार्ड आणि जुनी वीजबिलं शोधून ठेवा.

थकबाकीचा मुद्दा सोपा आहे, पण लोक इथेच आळस करतात. नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस होईपर्यंत मालकाला थकबाकीचा दावाच लावता येत नाही. तेवढ्यात भाडं आणि कायदेशीर वाढ चुकती करा. दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरून, पुढचं भाडं नियमित भरत राहिलात, तर या कारणावरून ताबा जात नाही. पण ती वेळ येऊच कशाला द्यायची?

खरी लढाई मुलाच्या गरजेची. ती खरी आहे का, हे मालकाने सिद्ध करायचं. आणि जास्त हाल कोणाचे होतील, हेही कोर्ट बघतं. मालकाच्या इतर जागा कुठे आहेत, याची माहिती आत्तापासून जमवा.

एका कागदावर मात्र चुकूनही सही करू नका. 'नुसती औपचारिकता' म्हणून पुढे केलेला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, ज्यात तुम्ही भाडेकरू न राहता फक्त मुदतीपुरती राहायची परवानगी असलेले ठरता. असे करार करून पिढ्यांचा हक्क घालवलेले अशील मी पाहिलेत. मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्यापुढे (अशा करारांवरची जागा खाली करण्याचे अर्ज ऐकणारा अधिकारी) बचावाला फारसं काही उरत नाही.

नोटिशीला वकिलामार्फत लेखी उत्तर द्या आणि थकबाकीचा चेक त्यासोबत स्पीड पोस्टाने पाठवा. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं, तर ते फोडू नका. तसंच बंद ठेवून माझ्यासारख्या कोणाकडे घेऊन जा.